मैदानाबाहेर कुणी का बसावं?

पीटीच्या तासाची घंटा होते. वर्ग मैदानाकडे धूम ठोकतो आणि एक मूल मागे राहतं. कधी पायाला कॅलिपर लावलेली मुलगी असते, कधी जाड भिंगांचा चष्मा लावणारा मुलगा, कधी शिट्टी वाजली की दोन्ही कान दाबून धरणारं मूल. त्याला झाडाखाली बसवतात. पाण्याच्या बाटल्या सांभाळ, गुण लिही, नाहीतर नुसतं बघ, असं सांगतात. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पडला-झडला तर काय करायचं, ही धास्ती असते. पण वर्षानुवर्षं हेच चालतं आणि शाळा संपेपर्यंत त्या मुलाच्या वाट्याला येतो तो फक्त दुसऱ्यांचा खेळ.

यातलं कोडं असं, की गणिताच्या तासाला हेच मूल सगळ्यांबरोबर बसलेलं असतं. फळ्यावरचं दिसत नसेल तर बाई त्याला पहिल्या बाकावर आणतात. हाताने लिहिता येत नसेल तर परीक्षेला लेखनिक मिळतो, जास्तीचा वेळ मिळतो. वर्गात वाट काढणाऱ्या त्याच शाळेला मैदानावर वाट का सापडत नाही?

मला वाटतं, याचं कारण खेळाकडे बघण्याच्या आपल्या सवयीत आहे. खेळाचे नियम ठरलेले असतात, ज्याला ते जमतात त्याने खेळावं, ही आपली पक्की समजूत. ती किती खरी आहे ते तपासायचं, तर आधी मुलाच्या शरीराकडे आणि मग खेळाच्या रचनेकडे पाहावं लागेल.

ज्याची हालचाल कमी, त्याला तिची गरज जास्त

हाडावर भार पडतो तेव्हा ते भक्कम होतं. स्नायू वापरला जातो तेव्हा तो बळकट होतो. धाप लागेल इतकी हालचाल केली की हृदय आणि फुप्फुसांची ताकद वाढते. हे सगळ्याच मुलांना लागू आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगल्यापैकी दम लागेल अशी हालचाल सुचवली आणि दिव्यांग मुलांनाही तेच माप लावलं. त्यांच्यासाठी वेगळं, कमी माप ठेवलं नाही.

दिव्यांग मुलाच्या बाबतीत मात्र एक दुष्टचक्र आड येतं. मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचंच उदाहरण घेऊ. त्याच्या स्नायूंमध्ये मुळात दोष नसतो. मेंदूकडून स्नायूंना मिळणारे आदेश बिघडलेले असतात, त्यामुळे पुष्कळदा स्नायू सतत ताठ राहतात. वाढत्या वयात हाड लांब होतं, पण ताठ स्नायू पुरेसा ताणला जात नाही, म्हणून तो आखूड राहतो आणि सांधा हळूहळू वाकलेल्या स्थितीतच आखडू लागतो. मग हालचाल आणखी अवघड होते, म्हणून ती आणखी कमी केली जाते. यावर उपचार करणं हे फिजिओथेरपिस्टचं काम. पण उपचाराचा तास संपल्यावर उरलेल्या दिवसात मूल किती हलतं, यावरही बरंच अवलंबून असतं.

जन्मापासून न दिसणाऱ्या मुलाची अडचण वेगळी. चेंडू कसा फेकायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. दादाने फेकला, आपण बघितला, तसाच फेकला. बघून केलेल्या अशा हजार नकलांमधून हालचाली शिकल्या जातात. ज्याने कुणाला फेकताना पाहिलंच नाही, त्याचं फेकणं अवघडलेलं असतं आणि आपण समजतो की त्याला ते जमणारच नाही. त्याच्या हातात पुरेशी ताकद असते, नमुना तेवढा मिळालेला नसतो. आधी सांगून, त्याची परवानगी घेऊन, शिक्षकांनी त्याचा हात धरून फेकीची दिशा दाखवली किंवा आपल्या खांद्यावर आणि कोपरावर त्याला हात ठेवू दिला, की तो नमुना त्याला स्पर्शातून मिळतो.

शिवाय मैदानावर आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे भिडू. कुणाला आपल्या गटात घ्यायचं, आउट होतं की नव्हतं, कुणामुळे हरलो, या भांडणांतून मैत्र्या जुळतात. झाडाखाली बसलेल्या मुलाला ती भांडणंही मिळत नाहीत.

खेळ म्हणजे ठरवून घेतलेली अडचण

आता खेळाकडे वळू. लंगडीत काय असतं? दोन धडधाकट पाय असलेली मुलं एक पाय दुमडून घेतात आणि एकाच पायावर पाठलाग करतात. आंधळी कोशिंबिरीत डोळस मुलं डोळ्यांवर पट्टी बांधतात. कबड्डीत चढाई करणारा ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत स्वतःचा श्वास अडकवून घेतो. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. फुटबॉलमध्ये हात असून वापरायचे नसतात.

म्हणजे प्रत्येक खेळ एखाद्या मर्यादेतून जन्माला येतो. वाट सरळ असती तर खेळच झाला नसता. कोणती मर्यादा घ्यायची हे खेळणारे ठरवतात आणि गरजेप्रमाणे बदलतातही. गल्लीत जागा कमी असेल तर एक टप्पी आउट धरतात. लहान मुलांसाठी व्हॉलीबॉलचं जाळं खाली बांधतात. तेव्हा कुणी खेळ बिघडला म्हणत नाही.

दिव्यांगांचे आंतरराष्ट्रीय खेळ याच तत्त्वावर उभे आहेत. व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे पडले तरी चालतात, कारण खुर्ची वळवायला वेळ लागतो. बाकी टेनिस तेच. बसून खेळायच्या व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांसाठी जाळ्याचा वरचा काठ २.४३ मीटरऐवजी १.१५ मीटरवर येतो, मैदान लहान होतं आणि चेंडू मारताना खेळाडूचं बूड किंवा धड जमिनीला टेकलेलं असावं लागतं. धडधाकट माणूस या खेळात उतरला तर त्याचे पाय त्याला फारसे उपयोगी पडत नाहीत.

गोलबॉल हा तर मुळातच दृष्टिहीनांसाठी तयार झालेला खेळ. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी तो १९४६ साली आकाराला आला आणि १९७६ च्या टोरांटो पॅरालिंपिकपासून पदकांचा खेळ झाला. एका बाजूला तीन खेळाडू. सव्वा किलोचा, आत घंटा असलेला चेंडू जमिनीलगत फेकायचा आणि समोरच्यांनी आवाजाच्या अंदाजाने आडवं पडून तो अडवायचा. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी असते, त्यामुळे थोडं दिसणाऱ्याला फायदा मिळत नाही. १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद मैदानाच्या रेषा चिकटपट्टीच्या असतात आणि पट्टीखाली दोरी घातलेली असते. खेळाडू हाताने किंवा पायाने उंचवटा चाचपतो आणि आपण कुठे आहोत ते ओळखतो. ही दोरीची युक्ती कुठल्याही शाळेला परवडणारी आहे.

बदलायच्या चार जागा

कोणताही खेळ सगळ्यांसाठी खुला करायचा, तर नेमकं काय बदलायचं? शारीरिक शिक्षणात यासाठी ‘स्टेप’ नावाची एक सोपी पद्धत वापरली जाते. तिच्यात चार गोष्टी तपासायच्या असतात: जागा, कृती, साधन आणि माणसं.

जागा म्हणजे मैदान किती मोठं, जमीन कशी, हद्द कशी आखलेली. वाळूत किंवा भुसभुशीत मातीत व्हीलचेअरची पुढची लहान चाकं रुततात. तोच खेळ फरशीच्या पटांगणात घेतला की निम्मी अडचण मिटते.

कृती म्हणजे काय करायचं आणि कोणत्या नियमाने. धावण्याऐवजी चालणं, उभ्याऐवजी बसून फेकणं, एकाऐवजी दोन टप्पे.

साधन म्हणजे चेंडू, बॅट, जाळं. हवा थोडी कमी केलेला चेंडू सावकाश घरंगळतो आणि हातात टिकतो. फुगा हवेत रेंगाळतो, त्यामुळे ज्याच्या हालचाली धिम्या आहेत त्याला वेळ मिळतो. रबरी चेंडू कुरकुरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की तो वाजू लागतो.

माणसं म्हणजे कोण कुणाबरोबर. जोडी, लहान गट, शेजारी उभा राहून आवाज देणारा सोबती.

चारही गोष्टी एकदम बदलाव्या लागत नाहीत. आधी एक बदलून बघायची, पुरली नाही तर दुसरी.

लगोरी: एक तास जवळून

समजा, सातवीचा वर्ग आहे. त्यात एक मुलगा व्हीलचेअरवर आहे, एका मुलीला जवळजवळ दिसत नाही, एकाला ऐकू येत नाही आणि एका मुलीला बौद्धिक अक्षमता आहे. खेळ ठरला लगोरीचा.

आधी जागा. लगोरी मैदानाच्या मातीतून काढून व्हरांड्यासमोरच्या फरसबंदीवर आणू. हद्दीची सुतळी ताणून तिच्यावरून चिकटपट्टी लावू, म्हणजे पायाला रेषा कळेल आणि कुणी अडखळणार नाही.

मग साधन. सात चपट्या दगडांऐवजी सात रिकामे डबे घेऊ, प्रत्येकाला वेगळा रंग, आणि ते जमिनीवर न रचता बुटक्या बाकावर रचू. व्हीलचेअरवरच्या मुलाचा हात तिथे पोचतो. डबे पडले की खणखणाट होतो, त्यामुळे न दिसणाऱ्या मुलीला नेम लागल्याचं त्याच क्षणी कळतं. चेंडू मऊ, पिशवीत बांधलेला.

आता नेम. तीन अंतरांवर तीन रेषा आखायच्या. जवळून लगोरी फोडली तर एक गुण, मधून दोन, लांबून तीन. कुठून फेकायचं हे प्रत्येकाने स्वतः ठरवायचं. इथे एक महत्त्वाची गोष्ट घडते. अमक्याने जवळून फेक, असं कुणाला सांगावं लागत नाही. नेम कच्चा असलेला कुठलाही मुलगा जवळची रेषा निवडतो आणि हाताने जोर लावू शकणारा व्हीलचेअरवरचा मुलगा लांबची निवडू शकतो. न दिसणाऱ्या मुलीची पाळी आली की तिचा एक भिडू बाकामागे उभा राहून टाळी वाजवेल, ती टाळीच्या दिशेने फेकेल आणि तेवढा वेळ सगळे गप्प राहतील.

खेळ सुरू आणि बंद करायला शिट्टीबरोबर लाल झेंडा. शिट्टी ऐकू न येणाऱ्या मुलाला झेंडा दिसतो आणि गोंगाटात इतरांनाही त्याचा उपयोग होतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला सगळे नियम एका दमात सांगून चालत नाहीत. एका वेळी एक गोष्ट सांगायची, करून दाखवायची, मग पुढची. डबे रचण्याचा क्रम रंगांनी ठरवून भिंतीवर चित्र लावलं, तर क्रम लक्षात ठेवण्याचं ओझं जातं आणि तिचं लक्ष खेळावर राहतं.

पाठलागात चेंडू कमरेखालीच मारायचा. व्हीलचेअरच्या चाकाला लागला तरी तो मुलगा बाद, कारण खेळापुरती खुर्ची हा त्याच्या शरीराचाच भाग. बाद होण्यातून त्याला सूट द्यायची नाही. न दिसणारी मुलगी डबे रचायला जाताना भिडूच्या हाताला धरून धावेल आणि ती जोडी एकच खेळाडू मानली जाईल.

एवढे बदल करूनही लगोरीचा गाभा जसाच्या तसा राहिला: नेम धरून फोडणं आणि चेंडू चुकवत पुन्हा रचणं. बदल करताना हीच कसोटी लावायची. खेळाची मजा ज्या गोष्टीत आहे, ती शाबूत राहिली पाहिजे.

लिंबू-टिंबू करून भागत नाही

आपल्याकडे धाकट्या भावंडाला खेळात घ्यायची एक रीत आहे. त्याला लिंबू-टिंबू म्हणतात. तो सगळ्यांबरोबर पळतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद धरला जात नाही. तीन वर्षांच्या पोराला ते पुरतं. तेरा वर्षांच्या मुलाला आपण मोजले जात नाही हे पहिल्या मिनिटाला कळतं. मैदानावर उभं करूनही तो प्रेक्षकच राहिला, असा त्याचा अर्थ.

म्हणून शिक्षकांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. त्याच्या खेळण्याने हार-जीत बदलू शकते का? कुठे फेकायचं, कधी पळायचं, असा एखादा निर्णय त्याच्या हातात आहे का? तो चुकू शकतो का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असली तर तो खरोखर खेळतो आहे.

मोठ्या स्पर्धांचे नियम याच प्रश्नांना उत्तर देतात. दृष्टिहीनांच्या क्रिकेटमध्ये अजिबात न दिसणारे, अंधुक दिसणारे आणि थोडं बरं दिसणारे असे तीन गट असतात आणि संघात तिन्ही गटांतले खेळाडू घ्यावे लागतात. पूर्णपणे न दिसणाऱ्या फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट धरतात. संघाला त्याची गरज पडेल अशीच ही रचना आहे. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला शारीरिक क्षमतेनुसार १ ते ४.५ असे गुण दिलेले असतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. त्यामुळे कमी क्षमतेच्या खेळाडूला बाहेर ठेवून संघ बनवताच येत नाही.

बोचिया या खेळाचा नियम मला फार शिकवणारा वाटतो. पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ आपले रंगीत चेंडू न्यायचे, असा हा खेळ १९८४ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे. ज्यांना हाताने चेंडू फेकता येत नाही, ते उतरत्या पन्हळीवरून तो सोडतात. पन्हळ हलवायला सहायक असतो, पण त्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं आणि मागे वळून बघायचं नाही. पन्हळ किती डावीकडे, किती उंच, हे सगळं खेळाडूच सांगणार. मदत मिळते, निर्णय मात्र खेळाडूचाच राहतो. शाळेत मदतीला धावणाऱ्या प्रेमळ वर्गमित्रांना हा फरक आवर्जून शिकवायला हवा. बोचियासाठी वेगळी सामग्री नसली तरी अडत नाही. धान्य भरून शिवलेले मोजे आणि उभा चिरलेला पीव्हीसी पाइप एवढ्यावर सुरुवात होते.

सगळं एकत्रच हवं का?

नाही. एका तासात चार प्रकारची कामं मिसळता येतात. काही गोष्टी कुणासाठीच बदलाव्या लागत नाहीत, उदाहरणार्थ सुरुवातीचं अंग मोकळं करणं, ज्यात प्रत्येकाने आपापल्या परीने हलायचं. काही खेळ बदलून सगळ्यांनी मिळून खेळायचे, जशी वरची लगोरी. काही वेळा एकच कौशल्य शेजारी शेजारी, क्षमतेनुसार केलेल्या गटांत शिकायचं. आणि कधी कधी दिव्यांग मुलांचा म्हणून जो खेळ आहे, तो बाकीच्यांनी शिकायचा. सगळ्या वर्गाने डोळ्यांवर पट्ट्या बांधून गोलबॉल खेळला, तर न दिसणारी मुलगी त्या दिवशी वर्गातली सर्वांत तरबेज खेळाडू ठरू शकते.

पण हे आयत्या वेळी सुचत नाही. घरात लहान मूल असलं की आमटीत तिखट पडण्याआधीच वाटीभर वरण बाजूला काढतात. नंतर आठवण झाली तर तिखट काढून घेता येत नाही. तासाचं नियोजनही असंच असतं. जूनमध्ये वर्षाचा आराखडा बनवतानाच वर्गातलं प्रत्येक मूल डोळ्यांसमोर असेल, तर बदल सहज बसतात. मैदानावर पोचल्यावर ‘आता याचं काय करू’ असा प्रश्न पडला, तर उत्तर बहुधा झाडाखालीच जातं.

जपायचं, पण नेमकं

पालकांची आणि शिक्षकांची भीती अनाठायी नसते. काही ठिकाणी खरोखर जपावं लागतं. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी घेऊ नये. हिमोफिलियात रक्त लवकर थांबत नाही, म्हणून धक्काबुक्कीचे खेळ टाळावेत, पोहण्यासारखे खेळ मात्र चांगले. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलची मुलं बऱ्याच शाळांमध्ये आहेत. त्यांना वारंवार पाणी आणि विश्रांती हवी, भर उन्हात दमछाक नको. कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर डोक्याला मार बसणार नाही हे बघावं. ज्या मुलांना फार मोठा नंबर आहे, त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला जोराच्या धक्क्याने इजा होऊ शकते. स्वमग्न मुलाला शिट्टीचा कर्कश आवाज किंवा अचानक बदललेला क्रम असह्य होतो. आजच्या तासात काय काय होणार याची चित्रं आधी दाखवली तर त्याला बरंच सोपं जातं.

या यादीत एक गोष्ट दिसते. प्रत्येक बाबतीत टाळायच्या गोष्टी मोजक्या आहेत, करण्यासारख्या पुष्कळ. म्हणून ‘पीटीतून सूट द्यावी’ अशा एका ओळीच्या वैद्यकीय दाखल्यावर थांबू नये. काय टाळायचं आणि काय करायला हरकत नाही, हे दोन्ही डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

चौकट: तास आखण्यापूर्वी

• मुलालाच विचारा: तुला काय खेळायला आवडेल, कुठे अडतं?
• डॉक्टरांकडून दोन याद्या घ्या: टाळायचं काय, करायचं काय.
• चार जागा तपासा: जागा, कृती, साधन, माणसं. एका वेळी एक बदला.
• शिट्टीबरोबर झेंडा वापरा. सूचना छोट्या ठेवा आणि करून दाखवा.
• अंतर आणि अवघडपणा मुलांना निवडू द्या.
• खेळाचा गाभा शाबूत आहे ना, हे बघा.
• हार-जीत, निर्णय आणि चूक, तिन्हींत त्या मुलाचा वाटा असू द्या.

हा उपकार नाही, हक्क आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संसदेने मंजूर केला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्याच्या कलम १६ प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबरच खेळाची आणि मनोरंजनाची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायची आहे. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातही शाळेतल्या खेळाचा वेगळा उल्लेख आहे. त्यामुळे पालकांनी शाळेत जाऊन ‘माझ्या मुलीला पीटीला का घेत नाही’ असं विचारणं ही विनवणी ठरत नाही. तो सरळ प्रश्न आहे आणि शाळेने त्याचं उत्तर दिलं पाहिजे.

शिक्षकांचीही बाजू आहे. साठ मुलांचा वर्ग, एक शिक्षक, दोन चेंडू, अशी अनेक शाळांची स्थिती आहे आणि वेगवेगळ्या मुलांना एकत्र कसं खेळवायचं हे पुष्कळांना प्रशिक्षणात पुरेसं शिकवलेलं नसतं. समग्र शिक्षा योजनेखाली गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांची मदत बहुधा वाचन-लेखनापुरती घेतली जाते. त्यांना एकदा मैदानावर बोलवायला हवं.

सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्याच जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिसला गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं. या नावांचा आपल्याला अभिमान आहे. पण शाळेने मुलाला मैदानावर घ्यायचं ते पदकाच्या आशेने नव्हे. ज्या मुलाला कधीच पदक मिळणार नाही, त्याचाही त्या तासावर तेवढाच हक्क आहे.

सुरुवात छोटी असू द्या. येत्या आठवड्यात मुलांना आवडणारा एकच खेळ निवडा आणि सगळ्या वर्गाला विचारा, की हा खेळ आपण सगळ्यांना खेळता येईल असा कसा करू. गल्लीत रोज नियम बदलून खेळणाऱ्या मुलांकडे यावर भराभर उत्तरं असतात. त्यातलं एखादं पहिल्या दिवशी फसेल. मग दुसऱ्या तासाला नियम पुन्हा बदला, पण त्या मुलाला विचारून.